मंदिराच्या ओसरीत कॉफीघर: भांडी, पाणी, हिशोब आणि आल्यागेल्याचं स्वागत (इंदूर)

ओसरीकर
आमच्या भागातल्या दत्तमंदिराची रस्त्याकडची ओसरी १२ बाय १८ फुटांची आहे. सध्या तिथे मांडवाचे बांबू आणि जुन्या सतरंज्या पडून आहेत. मंडळाच्या मनात तिथे कॉफीघर सुरू करायचं आहे. प्रसादाचं दुकान नको आणि ठेलाही नको. दर्शनाला येणारे, समोरच्या कोचिंगची पोरं, ऑटोवाले, कुणीही यावं, टेकावं, आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्यालाही कप मिळावा. रोजचे साठेक कप धरले आहेत, गुरुवारी आरतीनंतर दोनशे. हाताशी अडीच लाख आहेत. दोन ग्रुपच्या, म्हणजे एका वेळी दोन ठिकाणी कॉफी काढणाऱ्या, एस्प्रेसो यंत्राचं कोटेशन आलंय, त्यातच सगळे पैसे संपतात. जाणकारांनी सविस्तर लिहावं. ‘स्तुत्य उपक्रम’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

फिल्टरवाली
यंत्र घेऊ नका. एस्प्रेसो म्हणजे १८ ग्रॅम पावडर, ३६ ग्रॅम अर्क, २५ ते ३० सेकंद आणि ९ बार दाब. हे गणित रोज थोडं सरकतं, कारण हवा दमट झाली की दळण बदलावं लागतं. मे महिन्यात बसवलेलं दळण जुलैत चालत नाही. ज्या ठिकाणी रोज वेगळा सेवेकरी उभा राहणार तिथे हे जमणार नाही. शिवाय चांगला ग्राइंडर नसेल तर महागडं यंत्रही वाया जातं, आणि ग्राइंडरची किंमत कोटेशनमध्ये बहुतेक धरलेली नसते.

तुमच्यासाठी डिकॉक्शन, म्हणजे वर भोकांचं आणि खाली साधं अशा दोन भांड्यांच्या फिल्टरमधून ठिबकणारा कॉफीचा दाट अर्क. एका जाणत्या माणसाने काढून ठेवलं की मग कुणीही ओतू शकतो.

१०० ग्रॅम पावडरीला ६५० मिली पाणी. पावडर आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे खाली ४५० मिली दाट डिकॉक्शन मिळतं. इंदूर ५५० मीटर उंचीवर आहे, पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळतं. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग ओता. आधी २०० मिली, सगळी पावडर भिजेल इतकंच. मिनिटभर थांबून उरलेलं ४५० मिली कडेकडेने गोल ओता. वरची चकती नुसती ठेवायची, दाबायची नाही.

१२० मिलीच्या कपाला ३५ मिली डिकॉक्शन आणि ८५ मिली दूध. साखर ७ ग्रॅम, पण ती वेगळी. इथे येणाऱ्यांत मधुमेहवाले भरपूर असणार.

पावडर घेताना पाकिटावर चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळीच्या पुडीचं, प्रमाण वाचा, ते छापावंच लागतं. नियमाप्रमाणे मिश्रणात कॉफी ५१ टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही, आणि स्वस्त पाकिटं बरोबर त्या काठावर असतात. ८० कॉफी-२० चिकोरी घ्या. ७०-३० पर्यंत ठीक. त्यापुढे रंग गडद येतो आणि चवीला जळक्या साखरेसारखं लागतं. अर्ध्या किलोची पाकिटं घ्या, पाच किलोचं पोतं नको. उघडलेल्या पावडरीचा वास दोन-तीन आठवड्यांत उतरतो.

तिरकस_माळवी
डिकॉक्शन ठिबकतच नाही ही तक्रार येणारच आहे, तेव्हा आत्ताच सांगा ना ताई.

फिल्टरवाली
हो. बहुतेक वेळा कारण तीनांपैकी एक असतं. दळण फार बारीक. चिकोरी जास्त; ती पाणी पिऊन फुगते आणि भोकं बुजवते. किंवा वरचं भांडं खालच्यात इतकं घट्ट बसलंय की खालची हवा निघतच नाही. या शेवटच्यासाठी वरचं भांडं जरा उचलून पुन्हा ठेवा, लगेच धार लागते. मोठ्या फिल्टरमध्ये पावडरीचा थर चार बोटांहून जाड झाला तरी अडतं. मग एकात कोंबण्यापेक्षा दोन फिल्टर लावा. चमच्याने ढवळू मात्र नका, सगळा गाळ खाली येतो.

दुसऱ्या पाण्याचं, म्हणजे एकदा उतरलेल्या पावडरीवर पुन्हा पाणी ओतून काढलेलं, डिकॉक्शन वेगळं ठेवावं. त्याची कॉफी करून कुणाला देऊ नये, आणि फुकटच्या कपात तर मुळीच नाही. उद्याच्या पहिल्या डिकॉक्शनात थोडं मिसळायचं म्हणतात लोक. माझ्या मते फेकलेलं बरं.

टंकीवाले
पाण्याचं कुणीच बोललं नाही. नर्मदेचा नळ बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतो, मध्ये बोअरिंगचं पाणी त्याच टंकीत जातं. म्हणजे सोमवारची आणि मंगळवारची कॉफी वेगळी लागणार, आणि दोष पावडरीला जाणार. कॉफीच्या पाण्याची टंकी वेगळी ठेवा, ५० लिटरची पुरे, ती फक्त नळाच्या पाण्याने भरा.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचं मीटर घ्याच, पण त्याने कठीणपणा कळत नाही. त्यासाठी कठीणपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात. कॉफीला टीडीएस १५० च्या आसपास छान, ७५ ते २५० चालतं. आरओ लावून लोक ते २०-३० वर आणतात आणि मग कॉफी फिकी लागते, कारण अर्क उतरायला पाण्यात थोडे क्षार लागतात. आरओ लावलाच तर मिक्सिंग व्हॉल्व्हचा घ्या आणि १२० ते १५० वर बसवा.

गरम पाण्याच्या बॉयलरचा हिशोब: १० लिटर पाणी २५ वरून ९५ अंशांवर न्यायला साधारण ०.८ युनिट वीज लागते. २ किलोवॅटचं एलिमेंट असेल तर पंचवीस मिनिटं. सात वाजता कॉफी हवी तर सव्वासहाला बटण. कठीण पाण्याने एलिमेंटवर पांढरा थर चढतो, वेळ वाढत जातो आणि शेवटी एलिमेंट जळतं. महिन्यातून एकदा लिटरमागे २५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराण्यातलं लिंबूसत्त्व, घालून गरम करा, अर्धा तास ठेवा, ओता, मग दोनदा साध्या पाण्याने खळबळून घ्या.

१६ अँपिअरचं सॉकेट, वेगळी वायर, अर्थिंग तपासलेलं. देवळातल्या झुंबराच्या लाइनीवर हे चढवू नका.

खातेवही
दर आजचे धरतोय, तुमच्या दुकानाप्रमाणे बदला. पावडर ९०० रुपये किलो, कपाला ७.८ ग्रॅम म्हणजे ७ रुपये. दूध ६८ रुपये लिटर, ८५ मिलीचे ५.८०. साखर ३० पैसे. गॅस, साबण, सांडलवंड दीड रुपया. एकूण १४.६०, धरा १५. तीस रुपयांना विकलात तर कपामागे १५ राहतात. गुरुवारचा कप ९० मिलीचा ठेवा, खर्च ११, किंमत २०, उरतात ९.

महिन्यात २२ साधे दिवस आणि ४ गुरुवार, एक दिवस सुट्टी आठवड्याला. १३२० मोठे कप, ८०० छोटे. हातात १९,८०० अधिक ७,२००, म्हणजे २७,०००. दोन पगारी माणसं ठेवलीत तर १४ हजारांप्रमाणे २८ हजार तिथेच गेले आणि तुम्ही तोट्यात. एक पगारी माणूस, वीज ४ हजार, किरकोळ ३ हजार, असे २१ हजार. उरले ६ हजार. म्हणजे महिन्याला ४०० मोफत कप तुम्ही कुणापुढे हात न पसरता देऊ शकता. दिवसाला पंधरा. याहून जास्त द्यायचे असतील तर देणगी, आणि ती वेगळ्या पेटीत.

आता कागद. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी, धार्मिक जागा म्हणून सूट नाही, आणि नंबर दर्शनी भागात लावायचा. गॅस १९ किलोचा व्यावसायिक. घरगुती लाल सिलिंडर तिथे दिसता कामा नये. मंदिराच्या मीटरवर धंदा चालवू नका, वेगळं व्यावसायिक कनेक्शन घ्या. चुकीच्या वर्गवारीत वापर सापडला की दंडासह वसुली होते. जीएसटीची सेवांसाठीची मर्यादा २० लाख. कॉफीघराची उलाढाल वर्षाला पावणेसात लाखांच्या आत बसेल. पण उलाढाल पॅनवर मोजतात, कॉफीघरापुरती नाही. ट्रस्टच्या लग्नाच्या हॉलचं भाडं त्यात मिळतं, इथेच मंडळं फसतात. कॉफीघराच्या वह्या ट्रस्टच्या वह्यांपासून वेगळ्या, बँक खातंही वेगळं.

आणि कुणी म्हणालं ‘बाहेरच्याला चालवायला देऊन टाकू’, तर मध्य प्रदेश लोकन्यास कायदा, १९५१ बघा. इमारतीचा भाडेपट्टा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा असेल तर रजिस्ट्रारची आधी परवानगी लागते, नाहीतर तो वैध नाही.

ओसरीकर
खातेवहीजी, हे छापून मीटिंगमध्ये वाटतो. दोन प्रश्न. दूध नासणं कसं टाळायचं? आणि काही मंडळी म्हणतात साखर नको, गूळच वापरू, सात्त्विक.

फिल्टरवाली
गुळाने दूध फाटतं, सात्त्विक असो की नसो. तो आम्लधर्मी असतो आणि त्यातल्या क्षारांचाही दुधावर परिणाम होतो. हवाच असेल तर गुळाचं गाळलेलं पाणी करून कपात शेवटी घाला, दूध आचेवर असताना कधीच नाही. आणि आधी एका कपावर करून बघा, प्रत्येक गूळ वेगळा वागतो.

दुधाचं म्हणाल तर फुल क्रीम पिशवीचं घ्या, ६ टक्के स्निग्धांश. सुटं दूध गवळ्याकडून घेणार असाल तर रोज डब्यातलं चमचाभर दूध आधी वाटीत उकळा, गाठी दिसल्या तर तो डबा कॉफीला नाही. हे न करता सगळं दूध एका पातेल्यात ओतलं की एका खराब लिटरने बारा लिटर जातात. कालचं उरलेलं आजच्यात मिसळायचं नाही.

तापवून ठेवलेलं दूध पाण्याच्या भांड्यात, म्हणजे दुहेरी पातेल्यात, ६५ अंशांच्या आसपास. पुन्हा पुन्हा उकळलेल्या दुधाचा वास कॉफीत लपत नाही. दोन तासांत जेवढं जाईल तेवढंच तापवा. डिकॉक्शन थेट आचेवर तापवू नका, कडू होतं. दुधात डिकॉक्शन घाला, उकळत्या डिकॉक्शनात गार दूध नको. सकाळचं डिकॉक्शन झाकून दुपारपर्यंत. संध्याकाळचं वेगळं काढायचं. रात्री उरलेलं फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशीच्या कोल्ड कॉफीला.

गुरुवारचं गणित: ९० मिलीत २५ डिकॉक्शन, ६५ दूध. दोनशे कपांना ५ लिटर डिकॉक्शन, त्याला १.१ किलो पावडर, आणि १३ लिटर दूध. फिल्टर आरतीच्या निदान दोन तास आधी लागले पाहिजेत. कप एकेक बनवत बसलात तर रांग रस्त्यावर जाईल. जगमध्ये दहा-दहा कपांचं मिश्रण करा, २५० डिकॉक्शन आणि ६५० दूध, वरून दोनदा उंचावरून ओतून फेस आणा. एक माणूस मिनिटाला दहा कप ओततो. दोन टेबलं लावलीत तर दहा मिनिटांत दोनशे. बिनसाखरेचा जग वेगळ्या रंगाचा, आणि त्याचं टेबल दुसऱ्या टोकाला.

पाटावर
आता खरा विषय, आल्यागेल्याचं स्वागत. ‘सर्वांचे स्वागत आहे’ अशी पाटी लावून काही होत नाही. लोक पाटी वाचत नाहीत, चपला कुठे काढल्यात ते बघतात.

म्हणून पहिली गोष्ट: काउंटर चपलांच्या रेषेच्या बाहेर. कॉफीसाठी चपला काढाव्या लागल्या की ऑटोवाला येणार नाही, दुसऱ्या धर्माचा येणार नाही, पाळी असलेली मुलगी दारातून परत जाईल, आणि कुणाला का आला नाहीस विचारायची सोयही नाही. ओसरी रस्त्याला लागून आहे, रेघ ओसरीच्या आतल्या पायरीवर आखा. प्रश्नच मिटतो.

दुसरी: पाणी आधी. माणूस टेकला की न विचारता पाण्याचा पेला. दाराशी प्याऊ, म्हणजे पाणपोई, तर ठेवाच, कॉफी न घेता कुणी नुसतं पाणी पिऊन गेला तरी त्याच्याकडे वळून बघायचं नाही.

तिसरी, आणि इथे बहुतेक सेवाभावी जागा घसरतात: मोफत कप मागावा लागता कामा नये. सगळ्यांसाठी एकाच प्रकारचं टोकन करा, पितळेचं किंवा लाकडाचं. पैसे देणाऱ्याला काउंटरवर टोकन मिळतं. मोफतची टोकनं प्याऊपाशी वाटीत ठेवलेली, ज्याला हवं त्याने उचलावं. कॉफी ओतणाऱ्यापुढे फक्त टोकन येतं, ते कुठून आलं हे त्याला कळत नाही. कप तोच, माप तेच, खुर्ची तीच. इटलीत नेपल्सला पुढच्या माणसाच्या कॉफीचे पैसे आधी भरून ठेवायची पद्धत आहे. तिथेही आत येऊन ‘आहे का एखादी’ असं विचारावं लागतं. तेवढंही आपल्याकडे नको.

वाटीत एका वेळी चारच टोकनं. खातेवहींचे रोजचे पंधरा त्यातून दिवसभर पुरतात. वीस ठेवलीत तर पोरं मूठभर नेतील, आणि मग कुणीतरी वाटीवर पहारा बसवेल. पहारा बसला की योजना मेली.

देवघर
मंदिराची जागा आहे तर निदान दत्तगुरूंचं नाव तरी ऐकू यावं. नाहीतर बाजारातलं कॉफी शॉप काय आणि हे काय? भजनांची ध्वनिफीत लावावी, भिंतीवर वचनं असावीत, मोफत कप घेणाऱ्याने दोन मिनिटं नामस्मरण करावं. यात वावगं काय आहे?

पाटावर
काका, नामस्मरणाच्या अटीवर दिलेला कप मोफत राहत नाही. भजन आवारात चालू असतंच, ओसरीत ते तेवढंच येऊ द्या, वेगळा स्पीकर नको. कोचिंगची पोरं अभ्यास करणार, म्हातारी माणसं बोलणार, आणि फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. भिंतीवर एक तसबीर, तिच्यापुढे सकाळच्या पहिल्या डिकॉक्शनचा नैवेद्य, बास. अहिल्याबाईंच्या गावात अन्नछत्राची रीत कुणी कुणाला शिकवायला नको.

देवघर
अट मागे घेतो. तसबीर मात्र दारातून दिसेल अशी लावा. आणि वाटीतल्या टोकनांसाठी देणगी देणाऱ्यांची नावं तरी फलकावर असावीत, लोकांना उत्साह येतो.

तिरकस_माळवी
नावांचा फलक इंदुरात लावलात भिया, तर पुढच्या महिन्यात फलक ओसरीपेक्षा मोठा होईल. वर्षाच्या ताळेबंदात छापा नावं.

अवांतर: देवळात कॉफी कशाला, असं कुणी मीटिंगमध्ये म्हणेलच, तर सांगा की कॉफीचा प्रसारच भक्तांनी केला. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जपाला जागं राहायला ती प्यायचे. आपल्याकडे बाबा बुडन यांनी मोखाहून सात बिया आणल्या अशी आख्यायिका, आणि त्या जिथे लावल्या म्हणतात तो चिकमगळूरचा बाबाबुडनगिरी डोंगर दत्तपीठ म्हणूनही पुजला जातो आणि बाबा बुडन यांचा दर्गा म्हणूनही. जागेच्या हक्काचा वाद आहे, तो इथे उकरू नका. पण दत्तमंदिरात कॉफी, याहून चांगला जोड शोधून सापडायचा नाही.

देवघर
हे माहीत नव्हतं. छान.

ओल्यासुक्याची
भांड्यांबद्दल. स्टीलचे पेले घ्या, डबऱ्यासकट (पेला ज्यात ठेवतात ती काठाची वाटी), कारण नुसता पेला हाताला भाजतो. गुरुवारसाठी १२० पेले आणि ते चालू असताना धुणारी दोन माणसं. शिवाय कानाचे दहा-बारा सिरॅमिक मग ठेवा. हात थरथरणाऱ्याला पेला-डबरा जमत नाही. त्याला असा कानाचा मग न विचारता द्यायचा, बोलून दाखवायचं नाही. प्लास्टिकचे कप, स्ट्रॉ आणि ढवळायच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, तो सुक्या कचऱ्यात जातो, आणि कॉफी उरलेला कप तिथे टाकला की गाडीवाले परत करतात.

धुण्याला तीन सिंक: खरवडून साबण, साधं पाणी, शेवटी गरम पाणी. मग उपडे घालून वाळवा, फडक्याने पुसू नका, फडकंच सगळ्यात घाण असतं. सांडपाण्याची मोरी तीर्थाच्या किंवा अभिषेकाच्या निचऱ्याला जोडू नका. उष्ट्या पाण्यावरून नंतर जो वाद होईल तो नळ जोडण्यापूर्वीच टळलेला बरा.

चोथा सिंकमध्ये गेला तर पाइप तुंबणारच. सिंकखाली बारीक जाळी. १.१ किलो पावडरीचा ओला चोथा तीन किलोंच्या वर भरतो, तो ओल्या कचऱ्यात द्या किंवा सुक्या पानांबरोबर कुजवा. तुळशीत थेट ओतू नका, वर कडक पापुद्रा धरतो आणि पाणी खाली उतरत नाही.

खातेवही
सेवेकऱ्यांबद्दल राहिलं. अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येकाचं वर्षाला वैद्यकीय प्रमाणपत्र, सेवा असली तरी. पंचवीस माणसांमागे एकाने एफएसएसएआयचं फॉस्टॅक प्रशिक्षण घेतलेलं असावं. तो एक म्हणजे तुमचा पगारी माणूस. पाळी तीन तासांची ठेवा, सहा तासांची ठेवलीत की दुसऱ्या महिन्यात कुणी येत नाही. गल्ल्यावर आणि कॉफीवर एकच माणूस नको. पैशाला लागलेला हात पेल्याला लागतो, आणि हिशोबाच्या दृष्टीनेही ते बरं नाही. रात्री कॉफी ओतणाऱ्याकडे जमलेली टोकनं मोजा: गल्ल्यातले कप अधिक वाटीत टाकलेली, बेरीज जुळली पाहिजे. पाच-सहा टोकनं खिशात घरी जातात, तेवढी जास्तीची करून ठेवा.

ओसरीकर
खाण्याचं काय? पोहे-जिलबीशिवाय इथे सकाळ होत नाही, मंडळातले मागे लागलेत.

फिल्टरवाली
पोह्यांची भट्टी लावू नका. शेजारच्या ठेल्यावाल्याचा धंदा मोडेल आणि तेलाचा वास पावडरीत शिरेल. त्याच्याशीच ठरवा, लोक पोहे तिथून आणून ओसरीत बसून खातील. तुम्ही टोस्ट, खारी, बिनअंड्याचे नानकटाई-बिस्किट एवढंच ठेवा. एकादशीला साबुदाण्याची विचारणा होईल, तीही बाहेरच. कॉफी उपासाला चालते का असं विचारलं तर पाकिटावरचं चिकोरीचं प्रमाण दाखवा आणि ठरवू द्या त्यांचं त्यांना.

ओसरीकर
शेवटचं. एका जुन्या घराकडून पितळेचा मोठा फिल्टर आणि दोन पितळी पातेली देणगीत मिळतायत. वापरावीत का?

टंकीवाले
कल्हई तपासा. आतून पिवळं दिसत असेल तर कॉफी-दुधाला वापरायचं नाही, आंबट पदार्थ पितळेला खातो. कसेरा बाजारात कल्हईवाल्याची चौकशी करा. रोजच्या वापरात ती झिजते, तेव्हा दर काही महिन्यांनी पुन्हा करावी लागेल, तो खर्च किरकोळमध्ये धरा. फिल्टरची भोकं कल्हईने बुजतात, ती सुईने मोकळी करून घ्यायला सांगा, नाहीतर घरी आणल्यावर ‘ठिबकत नाही’ म्हणून पुन्हा इथेच लिहाल.